आठ नावं निघालीच नाहीत

रत्नमाला बोपचे कुम्हारीच्या कारखान्यात हजेरी क्लार्क म्हणून लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. वडील तुमसरकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आलेले, घर भिलाईतल्याच हुडको वसाहतीत. पुढे त्या कुम्हारीतच कामगार अधिकारी झाल्या. कारखाना लहान, रेल्वेच्या मालडब्यांना लागणाऱ्या लोखंडी चौकटी तिथे जोडल्या जात.

मागच्या फेब्रुवारीत तिथे वेल्डिंगचा रोबो आला आणि मालक धनंजय साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, वेल्डिंग शेडमध्ये चौदा लोक आहेत. आता सहा पुरतील. आठ नावं काढून द्या."

"कोणाले काय येते, ते आपल्याले माहीत आहे काय?"

"फाइलीत असेल ना."

"फाइलीत वय आहे आन् शिक्षण आहे. मले तीन महिने द्या."

साहेबांनी ते दिले, पण नाखुशीनं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या भिंतीवर एक तक्ता लागला. डावीकडे नावं, वर कामं: नकाशा वाचणं, जोड घालणं, दोष ओळखणं, रोबो चालवणं. येत नसेल तर चौकोन रिकामा. जितकं येतं तितका भरायचा. पूर्ण भरला म्हणजे तो माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो.

"ही छटणीची यादी आहे, मॅडम," सगळ्यांत जुना वेल्डर चंपत म्हणाला. "आमाले काय समजत नाही?"

रत्नमालाताईंनी पेन घेऊन सगळ्यांच्या वर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढचे चौकोन रिकामे सोडले. "मले यातलं काहीच येत नाही, चंपतभाऊ. छटणी असन तं पहिलं नाव माझं."

दुसऱ्या दिवशी चंपतनं वेल्डिंगचा मुखवटा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. "या, शिका."

त्या महिनाभर रोज एक तास शेडमध्ये बसल्या. ओढणीला दोन ठिकाणी भोकं पडली, पण फाइलीत नव्हतं ते दिसायला लागलं. मरोद्याहून येणारी पंचफुला कागदावर नुसती मदतनीस होती. अकरा वर्षं ती ग्राइंडरनं जोड घासत आली होती. घासता घासता ती सांगायची, "हा चंपतभाऊचा हात. हा सुशीलचा, शेवटी घाई करते तो." रत्नमालाताईंनी दोष ओळखण्याचा पहिला पूर्ण चौकोन तिच्या नावापुढे भरला. शेडमध्ये कुजबुज झाली. त्यांनी ती होऊ दिली.

एप्रिलमध्ये रोबोच्या जोडांना बारीक भोकं पडू लागली. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर अभिनव दोन दिवस स्क्रीनवरचे आकडे बदलत राहिला, पण फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी पंचफुला रत्नमालाताईंसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, सकाळचे जोड साफ आहेत. भोकं अकरानंतरच्या मालात आहेत."

"अकराले काय होते?"

"गरमी वाढते, मोठा पंखा लागते."

"मंग त्या इंजिनिअरले कावून नाही सांगितलं?"

"मले कोणी विचारलंच नाही."

रत्नमालाताई तिला हाताला धरून अभिनवकडे घेऊन गेल्या. पंखा बंद करून दहा जोड घातले. पंचफुलानं दहाही घासले; भोक एकही नाही. जोडाचं रक्षण करणारा वायू पंख्याच्या वाऱ्यानं उडून जात होता. हातानं, कांडीनं वेल्डिंग करताना असा वायू लागतच नव्हता, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ये तो मुझे पहले देखना था," अभिनव म्हणाला आणि रोबो चालवायचा पॅनल त्यानं पंचफुलाच्या हातात दिला.

स्क्रीनवर सगळं इंग्रजी. रत्नमालाताईंनी प्रत्येक बटणाचा अर्थ देवनागरीत लिहून दिला. रोबोकडे ढुंकूनही न पाहणारा चंपत चार दिवस लांबून बघत होता. पाचव्या दिवशी त्याला राहवलं नाही. "कोन चुकून राहिला तुझा. आण इकडे." त्या दिवसापासून दोघं मिळून रोबो चालवू लागले.

मे महिन्यात ग्राहकाचे तपासनीस आले. एकशेवीस चौकटी पाहिल्या आणि एकही परत केली नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. ग्राहकानं लगेच आणखी एका अवघड चौकटीचं काम देऊ केलं.

"आठ नावं?" साहेबांनी संध्याकाळी विचारलं.

रत्नमालाताईंनी कागद पुढे केला. त्यावर चौदाही नावं होती आणि नव्या कामात कोण कुठे उभं राहील, ते लिहिलेलं होतं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि खाली सही केली.

"दुसरं यंत्र पाहायला नागपूरला जातोय मी," ते म्हणाले. "कोणाला नेऊ?"

"पंचफुलाले न्या."

पंचफुला गेली. तिनं विक्रेत्याला तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं दिली. तिसऱ्यासाठी त्याला आपल्या मोठ्या साहेबाला फोन लावावा लागला.