कपिली आदी मान्यवर

उमापूरच्या राधाकिशन मस्केला गावात कुणी पत्रकार म्हणत नसे, पेपरवाला म्हणत. बीडच्या दैनिकाचा गठ्ठा सकाळच्या पहिल्या एसटीने यायचा. तो फोडून घरोघर वाटायचा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मिळवायच्या, आणि उरल्या वेळात बातमी द्यायची. बातमीखाली नाव येत नसे. ‘वार्ताहराकडून’ एवढंच यायचं, आणि बायको विचारायची, हा वार्ताहर कोण?

पेपर वाटून झाला की उरलेला एक अंक घेऊन तो दूध सोसायटीच्या ओट्यावर बसे. तिथं जनावरांचा हौद होता. दुष्काळाच्या त्या वर्षी, दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, गावातलं पाणी म्हणजे टँकर आणि जनावरांचं पाणी म्हणजे हा हौद. म्हाळू देवकाते गावची गुरं राखायचा. तो गुरं पाजायला आणी, त्याच्याबरोबर त्याची चुलती दगडाबाई असे, आणि गुरं पीत असेपर्यंत राधाकिशन त्यांना पेपर वाचून दाखवी. स्थानिक पान त्यांना नको असायचं. गावातलं त्यांना पेपरआधीच माहीत असायचं. त्यांना परदेशाचं पान हवं असे.

राधाकिशनलाही तेच पान आवडे. त्यातही अडलेल्या सरकारांच्या बातम्या. इटलीत निवडणूक होऊन महिना झाला होता, कुणालाच बहुमत नव्हतं, सरकार बनत नव्हतं. त्याआधी बेल्जियम नावाचा देश वर्षाहून जास्त काळ असाच बिनसरकारचा राहिला होता. या बातम्या त्याला सगळ्या सारख्याच वाटत. चर्चेची फेरी निष्फळ, नेते आपापल्या भूमिकेवर ठाम, पुढची बैठक लवकरच. वाचताना त्याच्या डोळ्यांपुढं त्या गावचा वार्ताहर यायचा, बंद दाराबाहेर पायरीवर बसून राहिलेला.

“वर्षभर सरकारच न्हाई?” दगडाबाईने विचारलं होतं. “मंग तिथल्या गुरायला पाणी कोण पाजीत व्हतं?”

राधाकिशनने पेपर खाली-वर पाहिला. ते दिलं नव्हतं. “आसतील कारकून-बिरकून. काम चालू ठिवीत आसतील.”

“चांगलेत बया तिथले कारकून,” दगडाबाई म्हणाली आणि कपिलीला हौदावरून मागं ओढलं.

कपिली तिची गाय. गाभण होती, आणि बरगड्या मोजता येत होत्या.

उमापूरची सोसायटीही इटलीसारखीच अडली होती. सरकार छावणी मंजूर करायला तयार होतं. जनावरांना चारा-पाणी मिळालं असतं. पण छावणी चालवायला संस्था हवी, संस्थेचा ठराव हवा, आणि ठरावावर अध्यक्षाची सही हवी. अध्यक्ष गेल्या श्रावणात वारले. मागं दहा संचालक राहिले, पाच धोंडीराम आबांचे आणि पाच बद्रीनाथ अण्णांचे. सभेला सहा माणसं लागत. म्हणजे एका गटाला एकट्यानं काही करता येत नव्हतं, आणि दोघं मिळून बसायला तयार नव्हते. ठरावावर जो सही करणार तोच पुढचा अध्यक्ष, आणि छावणीच्या फलकावर मोठं नाव त्याचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तसं दोघांनीही सभेला नकार कधीच दिला नाही. सभेच्या दिवशी आबा आपली माणसं घेऊन रस्त्याच्या अलीकडच्या हॉटेलात बसत, अण्णा पलीकडच्या. समोरचे आत गेले की आपण जायचं, असं दोन्हीकडं ठरलेलं. आधी जाऊन बसेल तो गरजू. चहावर चहा होई, दोन्हीकडून सोसायटीच्या दाराकडं बघणं होई, ऊन कललं की दोन्ही हॉटेलं रिकामी होत. सचिव कुलूप लावी आणि फळ्यावर नवी तारीख टाकी.

राधाकिशन दर वेळी बातमी देई, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब.’ बीडच्या डेस्कवरचा माणूस शेवटी म्हणाला, “मस्के, तेच तेच कावून पाठवता बे? मागचंच छापतो ना, तारीख बदलून.”

आणि तसं छापूनही टाकलं. फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

होळीनंतरच्या बुधवारी सकाळी राधाकिशन सायकलवरून गठ्ठा घेऊन येत होता. वेशीजवळ दगडाबाई कपिलीला घेऊन चाललेली दिसली. अंगावर धडकं लुगडं होतं. ती कुठं निघाली हे विचारायची गरज नव्हती.

“मावशी, बाजारला?”

“मंग काय करू? दावणीला मेल्याली बघू? आज बाजार हाय, कुणी तरी नेईल.”

“गाभण गाय कोण नेतंय ते ठाऊक हाय ना तुमाला?”

दगडाबाईनं कासरा हाताला गुंडाळला. ठाऊक होतंच.

“आज दुपारी सभा हाय,” राधाकिशन म्हणाला. “तहसीलला शुक्रवारपर्यंत ठराव द्यायचाय, न्हाई तर आपली छावणी चकलांब्याला जाणार. आता न्हाई बसले तर कधी बसतील? आज व्हणार म्हणजे व्हणार. परत न्या तिला.”

“तू म्हणतूस का पेपर म्हणतोय?”

“मी म्हणतो.”

तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि कासरा फिरवला. म्हातारी वळली तेव्हा त्याला बरं वाटलं; सोसायटीच्या फळ्यापाशी पोचेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. आठ महिन्यांच्या अनुभवानंतरही तो जे बोलायला नको होतं तेच बोलून बसला होता. पुढच्या बाजाराला आठवडा होता, आणि घरातला कडबा दोन दिवसांचाही नव्हता.

दुपारी तो ओट्यावर जाऊन बसला. सचिवानं कार्यालय उघडलं, खुर्च्या झटकल्या. अलीकडच्या हॉटेलात आबा, पलीकडच्यात अण्णा. आबांच्या गटातल्या पाचव्या संचालक वत्सलाबाई आहेर घरीच होत्या. महिला राखीव जागेवर आलेल्या. सहीची गरज पडली की आबा माणूस पाठवत, एरवी त्यांना कुणी बोलवत नसे.

म्हाळूनं नेहमीच्या वेळी गुरं आणली. हौद कोरडा होता, टँकर आला नव्हता. गुरं दाटीवाटीनं सोसायटीच्या दारात उभी राहिली आणि पाण्याची वाट बघत आत डोकावू लागली.

“बघ बे राधाकिशन,” म्हाळू म्हणाला, “कोरम झाला.”

राधाकिशन हसला नाही. त्यानं गुरं मोजली आणि मालकांची नावं आठवत गेला. सचिवानं कुलूप लावलं, फळ्यावर उद्याची तारीख टाकली, तेव्हा तो मोबाइलला रेंज मिळते त्या देवळामागच्या उंचवट्यावर गेला.

गावाकडच्या बातमीत मधला मजकूर कुणी वाचत नाही, हे पेपरच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. लोक शेवट वाचतात. ‘यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते.’ आपलं नाव आहे का, कितवं आहे, आपल्या आधी कोण आहे. टीका छापली तर पुढारी चहा पाजून खुलासा करतो. नाव गळालं तर महिनाभर ओळख देत नाही. राधाकिशनच्या डोक्यात होतं की या वेळी शेवट असा द्यायचा की तो लागला पाहिजे.

त्यानं फोनवर बातमी सांगायला सुरुवात केली. “उमापूर येथील दूध उत्पादक संस्थेची सभा. लिहा. चारा छावणीच्या ठरावासाठी बोलावलेल्या सभेस एकही संचालक फिरकला नाही. पुढं. यावेळी कपिली दगडाबाई देवकाते, सर्जा म्हाळू देवकाते, हरणा वत्सलाबाई आहेर, पवळ्या जानकीबाई खरात...”

त्यानं सगळी नावं दिली. ही जनावरं आहेत, पाण्यासाठी दारात उभी होती, हे वाक्य त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. महत्त्वाचं पहिल्या ओळीत द्यावं, हे तो वीस वर्षं नव्या वार्ताहरांना सांगत आला होता. “आणि ही सर्व...” एवढं तो म्हणाला आणि फोन बंद पडला. टॉवरची वीज गेली होती. संध्याकाळपर्यंत आली नाही.

डेस्कवरच्या माणसानं थोडी वाट पाहिली. मग हाताच्या सवयीनं वाक्य पुरं केलं आणि पान छपाईला सोडलं.

गुरुवारी सकाळी एसटी थांब्यावरच राधाकिशननं अंक उघडला. ‘यावेळी कपिली दगडाबाई देवकाते, सर्जा म्हाळू देवकाते, हरणा वत्सलाबाई आहेर आदी मान्यवर उपस्थित होते.’ पेपरची एजन्सी जाणार, हे त्याला दिसत होतं. पण टपालासारखं वाटत जायची सवय होती. त्यानं अंक वाटले.

नऊच्या आत गाव हसत होतं. अलीकडच्या हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चहावाल्याला सांगितलं, सर्जाला एक कटिंग दे बे, मान्यवर माणूस हाय. आबांनी राधाकिशनला बोलावून घेतलं.

“काय रे, आमची नावं घालायला जागा न्हाई तुझ्या पेपरात? जनावरं घालतूस?”

“आबा, तुमी आला आसता तर घातलं आसतं की,” राधाकिशन म्हणाला. “आत कुणीच न्हवतं.”

“आत न्हवतो, पण इथं व्हतो ना!”

“हॉटेलात उपस्थित म्हणून देऊ का?”

हॉटेल हसलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, “यंदाच्या वाढदिवसाची जाहिरात विसर.”

ऊन चढलं तसे अण्णाही पलीकडं येऊन बसले. फळ्यावर आजची तारीख होती. पण कालच्यापेक्षा आज सगळे जास्तच अडून बसले होते. पेपरात हसं झाल्यावर आधी आत जायचं म्हणजे दुप्पट मान खाली घालणं. राधाकिशन ओट्यावर बसला आणि मनात हिशेब करू लागला, दगडाबाईला काय सांगायचं. दगडाबाई हौदाशी उभी होती. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वत्सलाबाई आल्या. भर उन्हात, डोक्यावर पदर, पायात सुनेच्या चपला. हातात पेपरची घडी. अलीकडच्या हॉटेलासमोरून त्या सरळ चालत आल्या.

“काकू, कुठं?” आबांच्या माणसानं आवाज दिला. “निरोप दिला न्हवता आमी!”

वत्सलाबाई थांबल्या. “नातवानं वाचून दाखवलं,” त्या म्हणाल्या. “माझी गाय मीटिंगला गेली आन मी घरी? हरणाचं नाव छापून आलंय माझ्या नावासंगट. सून इचारती, सासूबाई, मेंबर तुमी का हरणा?”

“आहो, पण अजून समोरचे गेले न्हाईत...”

“मंग समोरच्याला जाऊ द्या न्हाई तर राहू द्या. मी काय हॉटेलात बसून चहा पेणार हाय का?”

त्या आत गेल्या. दाराजवळची खुर्ची ओढून बसल्या. ती पाठीवर टॉवेल टाकलेली, मयत अध्यक्षांची होती. सचिव अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

पलीकडं अण्णांनी हिशेब करायला वेळ लावला नाही. आपले पाच आणि ही एक, सहा. गणपूर्ती. पाचही जण रस्ता ओलांडून आत शिरले. ते बघून आबांचा पेला हातातच राहिला. आता बाहेर राहिलं तर ठराव आपल्याशिवाय होणार, तोही आपल्याच पॅनेलच्या बाईला घेऊन. उरलेले चौघं जवळजवळ पळतच आत गेले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दहाही संचालक एका खोलीत होते. राधाकिशन दारात, गुरांच्या शेजारी उभा राहिला.

“काकू, ती खुर्ची अध्यक्षाची हाय,” अण्णा म्हणाले.

“ठाऊक हाय. बसले ना मी. आता तुमी बसा.”

अण्णांनी आबांकडं पाहिलं, आबांनी अण्णांकडं. अण्णांना आबा त्या खुर्चीत नको होते आणि आबांना अण्णा नको होते. वत्सलाबाई होत्या आबांच्या पॅनेलच्या, पण आल्या होत्या आबांना न विचारता. दोघांनाही हरकत घ्यायला जागा सापडेना.

सचिवानं हळूच विचारलं, “आजच्या सभेपुरतं लिहू का, अध्यक्षस्थानी वत्सलाबाई आहेर?”

“लिव्ह,” आबा म्हणाले. “आजच्यापुरतं.”

“आजच्यापुरतंच,” अण्णा म्हणाले. हा त्यांचा अनेक महिन्यांतला पहिला एकमतानं झालेला ठराव. दुसरा छावणीचा. वत्सलाबाईंनी सही केली. एकेक अक्षर सुटं, ओळीच्या थोडं वर चढलेलं. सचिव तो कागद घेऊन त्याच दिवशी मोटारसायकलवरून गेवराईला तहसीलात गेला.

छावणी पुढच्या आठवड्यात माळावर सुरू झाली. फलक दोन लागले, एका टोकाला आबांचा, दुसऱ्या टोकाला अण्णांचा. गुरांना दोन्ही बाजूंनी आत जाता येत होतं. अध्यक्षाची निवडणूक अजून अडलेलीच होती, पण चाऱ्याची गाडी आली की पावतीवर ‘आजच्यापुरतं’ वत्सलाबाई सही करत. पेपरनं एक खुलासा छापला, राधाकिशनची एजन्सी राहिली, आबांची जाहिरात मात्र गेली ती गेलीच. उद्घाटनाची बातमी त्यानं पद्धतशीर दिली. शेवटी वीस-बावीस मान्यवर. जनावरांची नावं डेस्कनं जागेअभावी कापली.

दगडाबाईला ते पटलं नाही. “म्हणजे उद्घाटनाला कपिली खरंच व्हती, तर नाव न्हाई,” ती म्हणाली. कपिली तिच्यामागं दाव्याला उभी, उसाचं वाढं खात होती. “राधाकिशन, तू वाच. तिकडचं वाच.”

राधाकिशननं परदेशाचं पान काढलं. एप्रिल संपत आला होता. इटलीत अखेर सरकार बनलं होतं. कोण कुणाबरोबर गेलं, कसं जुळलं, हे बातमीत होतं, पण त्याला ते नीट सांगता येईना. त्यानं एवढंच सांगितलं की दोन महिने एकमेकांची तोंडं न बघणारे एकत्र बसले.

म्हाळूनं विचारलं, “कसे काय बसले?”

“ते सविस्तर दिलं न्हाई.”

दगडाबाईनं वाढ्याची पेंढी सोडली आणि अर्धी गव्हाणीत टाकली.

“कुणी तरी बाई आधी जाऊन बसली आसंल,” ती म्हणाली.