सासूबाईंच्या जागेवर

भूतबित मी कधी मानलं नाही. भाईंदरजवळ मुर्ध्याला खाडीकाठीच जन्म गेला, कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहून ठेवतेय, कारण तोंडाने सांगायची लाज वाटते... चौथीच शिकलेय, चुका असतील.

सासूबाई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायच्या. आमच्या घरात सून बाजारात बसायला लागली की सासू थोडे दिवस शेजारी बसते, गिऱ्हाईकं ओळखीची करून देते. माझं ते राहिलंच. सासूबाई अचानक गेल्या. जागा रिकामी दिसली तर दुसरं कुणी बसणार, आणि घर त्या जागेवरच चालतं. म्हणून मी टोपली घेऊन गेले.

बसले आणि छाती धडधडायला लागली. हात गार, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, मरतेच आता. मग आपोआप उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी काही नाही, फक्त तिथेच.

एकदा असं होत असताना समोरून एक बाई चालली होती. मी म्हणे मोठ्याने हाक मारली, "ए सोनी, तुझे बोंबील ठेवलेत गो." मला आठवत नाही. ती बाई मागे फिरली, चेहरा उतरलेला.

"माझं नाव शोभा. सोनी फक्त तुमच्या सासूबाई म्हणायच्या. तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही... मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

शेजारची मासळीवाली हसली, "एरवी हिच्या तोंडातून शब्द न्हाय फुटत. भूत लागलं तं बोलकं लागलं."

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आयेचा जीव जागेत हाय गो. तिचा मान ऱ्हायला." मग जागेवर नवी साडी, नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी इतकं वाढलं की टोपली टाकून मी घरी पळाले. नंतर बाजाराचं नाव काढलं तरी मी उठून आत जायचे. जाऊबाई म्हणाल्या, जागा देऊन टाकू.

मुलीने सरकारी दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी काढली, ईसीजी म्हणतात ती, साफ आली. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा मी रडले, वेडी ठरवतायत म्हणून.

त्या मॅडम म्हणाल्या, "ताई, हे वेड नाही. घाबरण्याचा आजार आहे, अँक्झायटी. वाघ समोर आल्यासारखं शरीर वागतं, पण वाघ नसतो. खूप जणांना होतं, बरं होतं."

गोळी दिली. श्वास हळू सोडायला शिकवलं. दर आठवड्याला बोलायला बोलावलं. आणि म्हणाल्या, जागा सोडू नका. आधी थोडा वेळ बसा, मग वाढवा. आलं तरी पळू नका, ते उतरतं. खरंच उतरतं. आता मी दुपारपर्यंत बसते.

मॅडमना सोनीचं विचारलं. म्हणाल्या, "घरी कधीतरी कानावर पडलं असेल. डोकं ठेवून देतं." असेलही. पण सासूबाई घरी बाजाराचं काही बोलायच्याच नाहीत. निदान मला तरी आठवत नाही... आणि हाक मारलेलीही आठवत नाही, मग माझ्या आठवणीचा काय भरवसा? आजार कळला. ते नाव कुठून आलं, ते नाही कळलं.

शोभाताई अजून येतात. लांबून दिसल्या की त्यांना काय म्हणून हाक मारू, तेच मला ठरवता येत नाही. मग त्या स्वतःहून थांबेपर्यंत मी मान खाली घालून बोंबील नीट लावत राहते.