अनुभवाचा रकाना

माझ्या मावशीच्या यजमानांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या दिवेआगरात दुसरा सापडायचा नाही, आणि अशा माणसाच्या सावलीत राहणं किती जिवावर येतं ते मला विचारा. काकांनी म्हसळ्याच्या एका कचेरीत जन्मभर कारकुनी केली आणि निवृत्त होऊन वाडीत आले ते कचेरी डोक्यात घेऊनच. शेजारच्यांची गाय कुंपणातून आत शिरली तर काका ओरडत नाहीत; ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालून अर्ज लिहितात आणि स्वतः नेऊन देतात. पलीकडच्या घरी पर्यटकांना खोल्या देतात. त्यांनी पाटीवर ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं रंगवलं, तर हे घड्याळ लावून तीनदा चालून आले आणि म्हणाले, “अकरा मिनिटं लागतात, आणि मी भरभर चालतो.” चक्रीवादळात आम्हा सगळ्यांच्या पोफळी आडव्या झाल्या. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा काकांनी आपल्याच दोन झाडांकडे बोट दाखवलं. “ह्या पडलेल्या नाहीत, वाकल्यात. यादीतून काढा.” पुढच्या महिन्यात त्याही पडल्या. मावशीने कपाळाला हात लावला, तर काका म्हणतात, “अगो, पण त्या दिवशी उभ्या होत्या ना?”

पुढे मावशीला अर्धांगाचा झटका आला. मी तेव्हा अलिबागकडे नर्सिंग शिकत होते. सुट्टी मिळाली की एसटी पकडून यायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी वळवायची ते मी काकांना शिकवलं. त्यांनी लगेच वही आखली: वेळ, डावी की उजवी, आणि सही. मी म्हटलं, सही कशाला? “ज्याने काम केलं त्याचं नाव नको?” झालं, मीसुद्धा मुकाट्याने सह्या करू लागले. पंधरा महिन्यांत मावशीच्या पाठीला एक जखम झाली नाही. आणि माझी शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिकं चालू असताना ती गेली. परीक्षा होईपर्यंत मला कळवायचं नाही असं काकांनी ठरवलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकांना त्याबद्दल काही विचारायची माझी छाती झाली नाही, आणि स्वतःला माफ करणं तर जमलंच नाही.

निकाल लागायच्या आतच पनवेलकडच्या एका हॉस्पिटलची जाहिरात आली. शेवटच्या वर्षाच्या मुलींनीही अर्ज करावा असं त्यात होतं. बाबांनी नव्याने लावलेल्या पोफळी अजून गुडघ्याएवढ्या होत्या, घरात पगार येणं भाग होतं, आणि ही जागा गेली तर पुढची कधी निघेल कोण जाणे. आमच्या घरात अर्ज म्हटला की काका. त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं: ‘मी अद्याप परिचारिका झालेली नाही.’

“काका, हे खाली लिहा की कुठेतरी.”

“नोकरी हवी आहे की त्यांना फसवायचंय?”

मी इतकी चिडले की पुढचं न वाचताच सही ठोकली आणि अर्ज पाठवून दिला.

मुलाखतीत मेट्रनबाईंनी चष्मा सावरून अनुभवाचा रकाना मोठ्याने वाचला. ‘एका रुग्णाची पंधरा महिने शुश्रूषा. रुग्ण दगावला. उमेदवार शेवटपर्यंत रुग्णासोबत होती.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शेवटच्या तासाभरात काय काय केलंस?”

पुस्तकातलं सगळं पाठ होतं, घडाघडा सांगता आलं असतं. पण म्हटलं, “मी तिथे नव्हते, मॅडम. परीक्षेला होते. ती माझी मावशी. हे लिहिलंय तिच्या यजमानांनी.” नोकरी गेली असं धरूनच बसले. बाईंनी अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“पाठीला जखमा?”

“एकही नाही.”

“निकाल आणि नोंदणी झाली की रुजू हो,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन पेढे देण्याऐवजी मी काकांवर उखडलेच. “जन्मात एकदा खोटं लिहिलंत, ते नेमकं माझ्याच अर्जात?” बोलता बोलता रडू फुटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. “खोटं कुठाय त्यात? शेवटचे दोन दिवस मी कूस वळवायला गेलो की माझा हात बाजूला सारायची. म्हणायची, पोर आल्ये, ती करील. सारखी तुलाच हाक मारीत होती.” चष्मा परत लावून म्हणाले, “ओ मी देत होतो. मग तू नव्हतीस असं मी कसं लिहू?”

आता मी त्याच हॉस्पिटलात आहे. वॉर्डात एखादी आजी मला भलत्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारते. बरोबरच्या मुली हसून तिला माझं खरं नाव सांगू लागतात. मी त्यांना थांबवते, आणि ओ देते.