पाचवा प्युरिफायर

"मी शब्द दिलाय, शिंदे मॅडम. तुम्ही फक्त फाइल तयार करा," एमडी साहेब म्हणाले.

शब्द जॉगिंग ट्रॅकवर दिला होता. अंबडमधल्या आमच्या कंपनीत मी सीएसआर बघते. नफ्यातला ठरावीक भाग समाजासाठी खर्च करायचा, असा कायदा आहे. ते काम म्हणजे सीएसआर. आधी गावोगाव फिरून गरज कुठे आहे ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. तो मी दर जानेवारीत देते. साहेब रोज सकाळी चार कारखानदार मित्रांबरोबर चालतात. गरज कुणाला आहे, ते त्यांना तिसऱ्या राउंडपर्यंत कळलेलं असतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती गरज शहरातल्या एका ओळखीच्या संस्थाचालकांच्या शाळेला होती. वॉटर प्युरिफायरची.

माझ्या अहवालात घोटीपलीकडची एक शाळा होती. तिथे मुलींसाठी संडास नव्हता. मुख्याध्यापिका बाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. "मॅडम, पोरी दिवसभर पाणीच पीत नाय. सातवीतल्या सहा जणींच्या घरचे म्हणतात, जूनपासून पाठवणार नाय. त्याआधी होतंय का बघा."

मी साहेबांना हे सांगितलं.

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी त्या मुली नसतील, सर."

"पण तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे?"

कुणीच नव्हतं. मला मनस्वी राग आला. तो गिळून मी प्युरिफायरसाठी जागा बघायला शहरातल्या शाळेत गेले.

व्हरांड्यात चार प्युरिफायर ओळीने उभे होते. प्रत्येकावर साहेबांच्या एकेका मित्राच्या कंपनीची पाटी. चालू एकच होता.

"नळाचं कनेक्शन एकच हाय, मॅडम," शिपाई म्हणाला. "बाकीच्यात उद्घाटनापुरतं पाणी भरलं होतं."

हे मी कंपनीच्या सीएसआर कमिटीच्या मीटिंगमध्ये मांडलं नाही. कमिटीत लक्ष ठेवायला कंपनीबाहेरचे एक स्वतंत्र संचालक असतात. आमचे त्याच ट्रॅकवर चालतात. मग मीही सकाळी सहाला तिथे गेले, नमस्कार केला, व्हरांड्यातल्या चार प्युरिफायरचा फोटो दाखवला आणि चालू कोणता तेही सांगितलं.

फोन हातोहात फिरला. प्रत्येकाने आधी आपली पाटी शोधली. तिघे बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. ज्यांचं मशीन चालू होतं ते आमच्या साहेबांना म्हणाले, "तुझं ठेव की आमच्या शेजारी."

साहेब पुढचा राउंड एकटेच भराभर चालले. गेटपाशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या घोटीकडच्या शाळेचं काय म्हणत होतात तुम्ही?"

आठवडाभरात साहेब ती शाळा स्वतः शोधल्यासारखी सगळ्यांना सांगू लागले. मग ज्यांची मशीनं बंद होती, त्या तिघांच्या ऑफिसांतून मला फोन आले. त्यांनाही संडास बांधायचे होते, त्याच शाळेत. मी त्यांना शेजारच्या तीन गावांची नावं दिली.

मंजुरी, कोटेशन, कंत्राटदार, मग पाऊस. आमचं काम ऑगस्टमध्ये संपलं. साहेबांनी फीत कापली, मित्रांनी टाळ्या वाजवल्या. स्वागताच्या रांगेत मला सहापैकी चारच मुली दिसल्या.

"बाकीच्या दोघी?" मी बाईंना विचारलं.

"भातलावणीला गेल्या, मॅडम. दाखले नेले त्यांच्या घरच्यांनी."

कंपनीच्या वार्षिक अहवालात 'प्रकल्प मुदतीत पूर्ण' असं छापलं आहे. मुदत पुढच्या मार्चअखेरपर्यंत होती, त्यामुळे ते खरंच आहे. माझा अहवाल ऑफिसात जानेवारीपासून होता. मी जानेवारीतच ट्रॅकवर चालायला गेले असते, तर त्या दोघीही रांगेत असत्या.