बिनआवाजाची गाडी आन् आबांचा दगड

वाडी सोडली त्या दिवशी मला नीट रडायला बी मिळालं न्हाई, कारन आबांची जीप उतारावर उभी व्हती आन् चाकाला दगड लावायचं काम माझं व्हतं. आबा म्हंजे माझे वडील. लोहगडवाडी ते मळवली टेशन, ट्रेकवाल्या पोरांची ने-आन करत्यात. जीपचा हँडब्रेक मी शाळंत जायच्या आदीच गेला. आई म्हनली नीट करून घ्या, तर आबा म्हनले, "घरात पोरगी हाय, हँडब्रेक कशाला पायजे?" तवापासनं जीप कुटं बी थांबली की मी मागनं उडी मारायची, चाकामागं दगड सारायचा. आन् निघताना आबा खिडकीतनं मान काढून वरडनार, "दगड काढ गं!" मंग दगड उचलायचा आन् पळत जीपच्या मागच्या फळीवर चढायचं. आठवीत गनितानं दगा दिला, शाळा सुटली, पन ह्या कामात मी कदी नापास झाले न्हाई.

तर त्या दिवशी मळवलीला उतरलो. मी, ह्ये, कडंवर आमची लेक चिमी, दोन पिशव्या आन् एक गादी. आई पदरानं डोळं पुसत म्हनली, "लोकाच्या घरी राह्यचंय, कशाला हात लावू नगं." आबांनी जीप वळवून घेतली आन् वरडले, "दगड काढ गं!" मी चिमीला ह्यांच्याकडं दिली, दगड काढला आन् सवयीनं फळीवर पाय ठेवला की वो! आबांनी आरशात बगितलं. मी आबांकडं बगितलं. मंग मीच पाय खाली घेतला. जीप वर गेली आन् दगड माझ्या हातात राहिला.

ह्ये म्हनले, "टाक तो." म्या न्हाई टाकला. चिमीच्या लंगोटांच्या पिशवीत घातला.

तुमी वाडीतल्या समद्या हसाल मला, म्हनाल कुटं परदेसात गेली ही, खंडाळ्याला तर गेली. खरं हाय. हितल्या गच्चीवरनं आभाळ साफ असलं की आपल्या लोहगडाचा विंचूकाटा दिसतो, असं मी म्हनते. ह्ये म्हनत्यात तो दुसराच डोंगर हाय. असंल. पन ज्या पोरी माझ्यासारक्या खाली उतरल्या, कुनी वलवणला, कुनी पार पुन्याला, त्यांना ठावं हाय. लांब म्हंजे किती लांब, ते गाडीच्या भाड्यावर नसतं. जिथं रातच्याला कुत्रं भुकलं तर ते कुनाचं हाय ते कळत न्हाई, ते लांब.

ह्यांना बंगल्यावर डायवरचं काम लागलं व्हतं. मागं एक खोली, नळाला पानी, आन् साहेबांनी सांगितलेलं, "दसऱ्यापर्यंत बघू, मग कायम करू." त्ये 'बघू' माझ्या उरावर बसलं व्हतं बगा. वाडीत शनवार-रईवार सोडला तर ह्यांच्या हाताला काम न्हाई, आन् रिकामा मानूस घरात बसला की भिताडाला सुद्दा सल्ले देतो. माघारी जायची सोय न्हवती. म्हनून मी सगळ्याला भ्यायची. फरशीवर चालताना भ्यायची, बेल वाजली की भ्यायची, कपबशी धुताना तर देवाचं नाव घ्यायची.

आन् सगळ्यात जास्त भ्यायची गाडीला.

साहेबांची गाडी जपानी. आता जपानी गाडीवर कुनाचं काय मत असतं ते मला हितं आल्यावर कळलं, कारन ज्याला त्याला मत हाय. आबांना फोनवर सांगितलं तर म्हनले, "जपानी व्हय? पत्रा पातळ असतो." ह्ये म्हनले, "पत्रा चाटायचाय का? आवरेज बगा की!" माळीकाका म्हनले, एसी असा हाय की आत बसलं की मानूस फ्रीजातला मटार व्हतो. आन् साहेबांचं तर इचारूच नगा, ते गाडीवर हात फिरवत मला म्हनले, "इंजिन कसं आहे सांगू? झोपलेल्या बाळासारखं."

मी म्हनले, "साहेब, झोपलेलं बाळ कवा उठंल सांगता येत न्हाई वो."

साहेब हसले. मी हसायला न्हवतं म्हनलं. कारन ती गाडी निम्मी बॅटरीवर चालती, निघताना आवाजच करत न्हाई. आबांची जीप चालू झाली की पार खालच्या आळीतली म्हातारी जागी व्हती. ही म्हने बारीक गुनगुनती, पन घरात मिक्सर लावला की संपलं. एक दिस मी दोरीवर कपडे घालत व्हते, पाठीमागं गार वारं लागलं म्हनून वळले तर गाडी माज्या पाठीशी येऊन उभी! आत साहेब, हौसेनं सोताच चालवत आलेले, हात हलवत्यात. आन् चिमी नुकतीच रांगाया लागलेली, दाराच्या उंबऱ्यावर. कपडे तितंच टाकून मी तिला उचलाया पळाले.

बंगल्याच्या आतला रस्ता उताराचा, गाड्या तोंड वर करून उभ्या राहत्यात, निघताना मागं मागं खाली यायचं. आन् त्या मागं आमची खोली. आता तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं? मी पिशवीतनं आबांचा दगड काढला आन् चाकामागं लावला.

ह्यांनी बगितलं, डोकं धरलं. "अगं बाई, ही बटनाची गाडी हाय. बटन दाबलं की ब्रेक लागतो."

"कुटं लागतो?"

"आतमंदी."

"मला दिसत न्हाई."

"मला बी दिसत न्हाई, पन लागतो!"

मी म्हनले दिसंल तवा दगड काढीन. मंग आमचं ठरलं, न सांगताच. सकाळी साहेब यायच्या आत ह्ये गुपचूप दगड बाजूला करायचे, संध्याकाळी मी गुपचूप लावायचे. असा आमचा संसार चालला व्हता.

मंग आला तो रईवार. साहेबांचा एक ग्रुप हाय, त्याच कंपनीच्या गाड्या असलेल्या लोकांचा. मला पयले वाटलं गाडी घेतली की झालं की, त्यात भेटायचं काय? आपल्याकडं एकाच जातीच्या म्हशी हायत म्हनून कोन जेवायला बोलावतं का? पन आले. मुंबईवाले, पुन्यावाले, एकामागं एक गाड्या, सगळ्या तोंड वर करून रस्त्यावर लागल्या. मी आत चहा-भजी देत व्हते आन् साहेब हॉलमधी उभं राहून त्या कंपनीची कहानी सांगत व्हते, किर्तनात सांगत्यात तशी.

म्हने जपानात एका खेड्यात एका सुताराचा पोरगा व्हता. आईचं हात मागावर दुखायचं म्हनून त्यानं चांगला माग केला. मंग असा माग केला की धागा तुटला की माग आपसूक थांबायचा. मंग मागाच्या पैशातनं त्याच्या पोरानं मोटारीचा कारखाना काढला. आन् कारखान्यात अशी रीत की साध्यातल्या साध्या कामगाराला कायतरी चुकतंय असं वाटलं की त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची, आख्खं काम थांबायचं, आन् साहेब लोकांनी त्याला 'थँक्यू' म्हनायचं! भज्यांचं ताट हातात तसंच राहिलं माझं. मला ती कहानी लय आवडली. आईचे हात दुखले म्हनून सुरू झालेली कंपनी वाईट कशी असंल, असं वाटलं.

मंग ज्यानं त्यानं आपल्या गाडीचं कौतिक चालू केलं. एक टकले काका म्हनले, "बायकोनं त्रास दिला, गाडीनं कधी नाही." बायको शेजारीच, ती म्हनली, "गाडीला तुम्ही रोज पुसता." एक जन म्हनला विकायला काढली तरी निम्म्यापेक्षा वर भाव येतो. एक बाई म्हनल्या पत्रा जरा पातळ वाटतो, तर सगळे तिच्यावर असे तुटून पडले की मला आबांची काळजी वाटली.

एवढ्यात माझं लक्ष खिडकीतनं भाईर गेलं. उतारावर एवढ्या गाड्या. सगळ्या बिनआवाजाच्या. खाली आमची खोली, आन् चिमी माळीकाकांच्या मागं मागं रांगतेय. ह्ये साहेबांची गाडी घेऊन लोनावळ्यात पाव्हन्यांसाठी चिक्की आनाया गेलते. आन् माझ्याकडं दगड एकच!

पयले मी पळत जाऊन चिमीला उचललं. मंग गुलाबाच्या वाफ्याभोवती साहेबांनी दगड मांडलेत, एक पांढरा एक लाल, रंगवलेले, ते काढले. एकेका गाडीला एकेक. लावून झाल्यावर कसं छान वाटलं सांगू! पयल्यांदा त्या बंगल्यात मला भ्या वाटलं न्हाई. खोलीत गेले, चिमीला पदराखाली घेतलं, आन् म्हनलं निघताना वरडतील तवा जाऊन काढू.

तर चूक झाली ती हितं झाली. मला वाटलं वरडतील. जन्मभर ज्या मानसाच्या हाताखाली काम केलं तो वरडायचाच. 'दगड काढ गं' म्हनल्याबिगर कुनाची गाडी हालत असंल असं माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

भाईर गलका झाला म्हनून दारात आले. बगते तर टकले काका गाडी मागं घेत्यात, गाडी दगडाला टेकती आन् थांबती. परत घेत्यात, परत थांबती. खाली उतरून वाकून बगायचं कुनाच्याच मनात न्हाई, सगळे आत बसून समोरच्या टीव्हीवर बोटं मारत्यात.

"गिअरबॉक्स गेला!" टकले काका म्हनले.

"माझापण! मी सांगत होतो, नवीन मॉडेलला जुन्याची सर नाही."

"अहो बॅटरी. बॅटरीचा भरवसा नसतो."

"ह्यापेक्षा आमची जुनी डिझेल बरी होती," टकल्या काकांची बायको म्हनली, "ढकलली तरी चालायची."

घटकाभर आदी जिच्या आरत्या चालल्या व्हत्या तिला असं बोलत्यात बगून मलाच वाईट वाटलं. एकानं तर कंपनीला फोन लावला, म्हनला आमच्या सगळ्यांच्या गाड्या एकदम बंद पडल्यात. पलीकडच्या पोरीनं काय इचारलं ठावं न्हाई, ह्यो म्हनला, "नाही नाही, मी प्यायलेलो नाही!"

मी चिमीला कडंवर घेऊन पळाले. "थांबा! थांबा वो! तुमी वरडला का न्हाई?" म्हनत पयल्या गाडीचा दगड उचलला. तसाच हातात घेऊन उभी राहिले. सगळे खाली उतरले. साहेबांनी दगडाकडं बगितलं, मंग वाफ्याकडं बगितलं. वाफा बिनदाताच्या तोंडासारका दिसत व्हता. तेवढ्यात ह्ये चिक्की घेऊन फाटकात. समदं बगून गाडीतनं उतरायचंच इसरले.

आई म्हनलेली, कशाला हात लावू नगं. आन् मी आख्खा बगीचा उचलला व्हता.

"हे कोणी केलं?" साहेब म्हनले. आवाज बारीक. तसला आवाज जास्त वंगाळ असतो.

"म्या केलं. ह्यांचा काय संबंध न्हाई साहेब, ह्यांना काढू नगा. गाड्यांला आवाज न्हाई वो. पोरगी रांगती माझी. आमच्याकडं निघायच्या आदी मागच्याला सांगत्यात. तुमी कुनी सांगतच न्हाई." एवढं एका दमात बोलले आन् मंग दमच संपला. चिमी माझा बुचडा ओढत व्हती. मनात मी गादी गुंडाळली, पिशव्या भरल्या, मळवलीला जाऊन पोचले सुद्दा.

मंग मॅडम बोलल्या, साहेबांच्या मिसेस. एरवी त्या लय बोलत न्हाईत. म्हनल्या, "अहो, दोरी ओढली तिनं. आता ते थँक्यू कोण म्हणणार?"

टकल्या काकांची बायको एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मंग समदे हसले. साहेब हसले न्हाईत. ते चिमीकडं बगत व्हते, मंग उताराकडं, मंग आमच्या खोलीच्या उंबऱ्याकडं. ह्यांना म्हनले, "दगड परत वाफ्यात लाव. एक लाल, एक पांढरा. चुकवू नकोस." आन् आत गेले. रातभर आमी दोघं ह्या वाक्याचा अर्थ लावत बसलो. काढलं का ठिवलं?

सकाळी मी आबांचा दगड चाकामागनं काढाया जानार, तर साहेब गाडीत बसलेले, काच खाली. "अगं, तो दगड जरा घेतेस का बाजूला, म्हणजे मला निघता येईल?" आता एवढं लांब कोन ऐकत बसंल? ह्ये पळत आले, म्हनले, "साहेब, एवढं न्हाई म्हनायचं. 'दगड काढ गं', बास."

साहेबांनी घसा साफ केला. आजूबाजूला बगितलं. आन् म्हनले, "दगड काढ गं!"

पयला दिवस लाजत, आता शेजारच्या बंगल्यावर ऐकू जातं असं वरडत्यात. दसरा झाला, ह्ये कायम झाले. त्या ग्रुपातल्या एकानं मला रबराची पिवळी पाचर पाठवली चाकाला लावायला. हलकी हाय. चिमी चावती तिला, दात येत्यात ना.

तुमी इचारता ना फोनवर, करमतं का गं तितं? आता करमतं. निघायच्या आदी मागं कोन हाय ते इचारत्यात, तितं मला झोप लागती. घर म्हंजे मला तरी एवढंच कळलं.

तिकडं आबा अजून वरडत्यात म्हने. आई सांगती, मागं कोनी नसतं तरी वरडत्यात "दगड काढ गं!" आन् ट्रेकवाल्या पोरांना वाटतं ही कायतरी गडावरची घोषना हाय, ती बी मागनं मोठ्यानं वरडत्यात. मंग आबा आपले सोताच दगड काढाया उतरत्यात.

परवा चिमी पयला शब्द बोलली. आई न्हाई, बाबा न्हाई. साहेब वरडले आन् ही दारातनं बोट करून म्हनली, "दग!" मी तसाच आबांना फोन लावला, तिच्या तोंडाला धरला. "दग!" चिमी म्हनली. "दग!"

पलीकडं जीप चालू व्हती, आपली ती आवाजाची. मंग आवाज थांबला. दार उघडल्याचं ऐकू आलं, खडीवरनं पावलं मागं गेलेली ऐकू आली. आन् दगड सारल्याचा आवाज आला, मंग आबा म्हनले, "काढला गं बाय. काढला."