चाकांवरच्या खोलीचा तळ

आमच्या अंगणात एक खोली चाकांवर उभी आहे. भंगारात निघालेल्या गाडीचा चाकांसकट आस आणून बाबांनी त्यावर तिची लोखंडी चौकट बसवली, चौकटीवर प्लायवूडचा तळ टाकला आणि वर पत्र्याच्या भिंती आणि छत चढवलं. बाबा प्रवासी जीप चालवतात. ही खोली त्या जीपच्या मागे जोडता येते आणि आत तिघं जण पाय पसरून झोपू शकतात. असा कॅम्पिंगचा ट्रेलर मीच त्यांना मोबाइलवर दाखवला होता. आई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला खोलीच म्हणते.

ती कशासाठी बांधली हे आधी सांगायला हवं. आम्ही चिखलीजवळच्या गावात राहतो आणि आईचं माहेर घाटाखाली, सोनाळ्याला. आजी-आजोबा गेले, मामांच्या वाटण्या झाल्या आणि एका घराची तीन घरं झाली. तिघेही प्रेमानं बोलावतात. पण एका घरी मुक्काम केला की दुसरं घर रुसतं. त्यामुळे दर भाऊबीजेला आई पहाटे निघते, तिन्ही घरी ओवाळते आणि त्याच दिवशी परत येते. एकदा भाकरी थापताना ती सहज बोलून गेली, "मले मायच्या गावात एक सकाळ पाह्याची हाय. तिथंच झोपून, तिथंच उठून. कोनाची पाव्हनी म्हनून नाई."

ते बाबांनी ऐकलं आणि मीही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे डब्यावरच्या सूचना वाचण्यापासून सगळं 'तू पाह्य' म्हणून माझ्याकडे येतं. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही, पण तसं म्हणता येत नाही. खोली ठेवायला अंगणात शेड नव्हती. पावसाळाभर ती उघड्यावरच राहणार होती. तळाचं प्लायवूड ओलाव्यानं कुजू नये ही जबाबदारी मी घेतली. पाणी खालून येणार, रस्त्यावरून, चाकांवरून, भिजलेल्या काळ्या मातीतून, एवढं मला समजलं होतं. म्हणून उन्हाळ्यात मी खोलीखाली शिरले आणि डांबराचा काळा रंग थरावर थर चढवला. एकही फट, एकही स्क्रूचं भोक उघडं ठेवलं नाही.

शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. "काऊन वं, कॉलेजात हेच शिकवून राह्यले का तुले? गाडीखाली लोळाचं?"

"प्रॅक्टिकल हाय काकू."

"मंग पास झाली का आमची मोरीबी करून दे."

श्रावणात एकदा उघडीप होती तेव्हा मी पुन्हा खाली शिरले. डांबराला एका कोपऱ्यात फुगा आला होता, भाजल्यावर कातडीला येतो तसा. स्क्रूच्या टोकानं टोचलं तर पाणी माझ्या मनगटावर उतरलं. त्या पाण्याला फेस होता. वासही साबणाचा. पाऊस काही साबणाचा पडत नाही. वर येऊन मी आतून तळ दाबला, तर अंगठा चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जीप धुतो ना मी, तवा दोन बादल्या खोलीतबी मारतो. तुह्या मायले झोपाचं हाय तिथं. मळकी कशी ठेवू?"

"बाबा, जीपचा तळ लोखंडाचा हाय."

"ब्रशानं घासली वं मी, चांगली." मग स्वतःच खाली वाकून त्यांनी तो कोपरा पाहिला. पाणी वरून जात होतं आणि ते बाहेर पडायची वाट मी बंद करून ठेवली होती. आम्ही दोघांनी मिळून, अगदी मन लावून, तो तळ कुजवला होता.

आई उंबऱ्यात होती. "राहू द्या यंदा. फुडच्या वर्षी पाहू." तिच्या स्वतःच्या कितीतरी गोष्टी तिनं याच आवाजात पुढं ढकललेल्या मी ऐकल्या आहेत. मी म्हणाले, "याच भाऊबीजेले जाऊ." म्हटल्यावर भीती वाटली, पण शब्द गेला होता.

कुजलेला तळ उखडला. नवं प्लायवूड आणून कापलं, तेव्हा त्याच्या कापलेल्या कडा पहिल्यांदा नीट पाहिल्या. थरांवर थर, आणि प्रत्येक थर तहानलेला. जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून कडेला ब्रश लावला की तेल दिसेनासं व्हायचं. मी पुन्हा लावायची. कडा तेल पिईनाशा होईपर्यंत लावत राहिले. मग वरची बाजू, खालची बाजू, स्क्रूच्या भोकांच्या आतली बाजूसुद्धा. सर्वांत खालच्या कोपऱ्यात मुद्दाम दोन भोकं पाडली, आत गेलेल्या पाण्याला निघून जाता यावं म्हणून, आणि तीही तेलानं भिजवली.

दमट हवेत तेल लवकर वाळेना. तख्ते घरातल्या मधल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले होते. आम्ही अंग चोरून त्यांच्या बाजूनं ये-जा करायचो आणि जेवणालाही तेलाचा वास यायचा. दोनदा बाबा म्हणाले, "लाव ना डांबर आता." मी बोट टेकवून बघायची. चिकटतंय म्हणजे नाही. शेवटी बोट कोरडं निघालं, तेव्हाच तळ बसवला आणि खालून डांबर दिलं, भोकं सोडून. बाबांनी जुन्या ट्यूबचे तुकडे चाकांमागे टांगले, चिखल उडू नये म्हणून. पुढची बाजू जराशी उचलून खोली दगडांवर ठेवली, म्हणजे खालून वारा खेळेल. आणि बादली बंद. बाबा ओलं फडकं पिळून पुसायला शिकले.

परतीच्या पावसानं खोलीला चांगलं झोडपलं. रोज मी खाली जाऊन अंगठा दाबायची.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी जीपच्या मागे खोली जोडून आम्ही घाट उतरलो. सोनाळ्याला गावाच्या कडेच्या खळ्यावर, जिथं तिन्ही मामांची घरं सारख्याच अंतरावर आहेत, तिथं थांबलो. सकाळी मी आधी खाली शिरले. चौकटीच्या लोखंडावर दव होतं. प्लायवूड दाबलं. घट्ट.

वर येऊन बघते तर आई दारात पाय सोडून बसली होती, समोरच्या सातपुड्याकडे बघत. कुणासाठी उठायची तिला घाई नव्हती.

मोठे मामा आले. कुणाच्याही घरी जाताना धुतात तसे त्यांनी तांब्यानं पाय धुतले आणि ओल्या पायांनी वर चढू लागले.

"दादा, थांब." आई उठली. "पाय पूस आंधी."

"अवं, भावाले दारात उभं करतं का?"

"माह्या घरात वले पाय चालत नाईत." तिनं फडकं पुढं केलं.

जीपजवळून बाबा ओरडले, "पुसा मामा! मलेबी सुटका नाई."

मामांनी हसत एकेक बोट पुसलं. आईनं वाकून त्यांचे तळवे पाहिले, मग बाजूला सरकून म्हणाली,

"ये आता. बस. चहा टाकतो."