कूलरखालची फट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरातल्या मांजरींनाही ठाऊक होतं. मी ऑफिसातून येऊन पर्स आपटली की दोघी दिवाणाखाली जायच्या, आणि चहाचा कप माझ्या हातात आला की मगच बाहेर यायच्या. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही, कारण ह्याच रागापायी मी त्यांतल्या एकीला घरातून घालवलं, आणि चूक तिची नव्हती.

दोघी सख्ख्या बहिणी. एक कबरी, एक भुरी. नावं आम्ही ठेवलीच नाहीत, रंगावरूनच हाका मारायचो. तेव्हा आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. उन्हाळा लागायच्या आधी ह्यांनी गच्चीवरचा कूलर खाली आणायला म्हणून उघडला, तर आत जुन्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताटीवर ही दोन पिल्लं. दोन दिवस आईची वाट पाहिली, ती आलीच नाही. "कूलरसंगं फुकट भेटल्या," असं म्हणून हे त्यांना टॉवेलात गुंडाळून घरात घेऊन आले. मी आधी तोंड वाकडं केलं, आणि आठवड्याभरात दूध कोमट आहे की नाही ते मीच बोट बुडवून बघू लागले.

आमच्या समोरच्या दारात एक मावशी राहायच्या, एकट्याच. दोन्ही दारं समोरासमोर, मध्ये चार पावलांची जागा. आम्ही गावाला गेलो की मांजरी मावशींकडे. त्या सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसल्या की कबरी शेजारी जाऊन बसायची. "ही तुझ्याहून जास्त देवभोळी हाये," मावशी मला चिडवायच्या. तेवढंच काय ते ह्या मांजरींचं जग. आमचं घर, मावशींचं घर आणि मधली चार पावलं. दुसरं मांजर म्हणून त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं.

मग आम्ही शहराबाहेर बेस्याला स्वतःच्या घरात आलो. तळमजला, पुढे अंगण, कंपाउंडची भिंत. आणि भिंतीवर मांजरी! एक नाही, दोन नाही, पाच. शेजारच्या काकू रोज सकाळी दुधात पोळी कुस्करून भिंतीजवळ ठेवायच्या, आणि सगळा मोहल्ला तिथं जेवायला. आमच्या दोघी खिडकीत बसून बघायच्या, शेपट्या फुगलेल्या, घशातून असा काही आवाज की माझ्याच अंगावर काटा यायचा.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी गेले. "काकू, तुमच्या मांजरी आमच्याच भिंतीवर काहून बसून राहतात?"

"माह्या कुठच्या वं? मोहल्ल्याच्या हायेत. भूक लागली का येतात."

"मग तुमच्या मागच्या अंगणात ठेवा ना जेवण."

"तिकडं कुत्रं येते, बाई. अन् तुमचं घर झालं आत्ता, मांजरी पहिल्यापासून हायेत."

ह्यावर मला बोलायला काही सुचलं नाही, म्हणून मी जास्तच बोलले. काकूंनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. मांजरींना दूध घालणं मात्र टाकलं नाही.

मग मी युद्धच पुकारलं. नीळ कालवलेल्या पाण्याच्या बाटल्या भिंतीवर ओळीनं मांडल्या. मांजरींनी त्यांना अंग घासलं. संत्र्याचा हंगाम संपत आला होता, कोणीतरी सांगितलं की मांजरांना सालीचा वास सोसत नाही, म्हणून भिंतभर साली पसरल्या. दोन दिवसांत त्या उन्हानं कडक झाल्या आणि मांजरी त्यांवर बसू लागल्या. शेवटी मी पाइप हातात घेतला. दिसलं मांजर की मार पाणी. पंधरा दिवसांत भिंत रिकामी झाली. मी ह्यांना म्हटलं, "बघा, पाहिलं? रागाचा पण उपयोग असतो."

हे हसले. तोवर चांगलंच तापायला लागलं होतं, म्हणून त्याच रविवारी कूलर बसवला. हॉलची खिडकी बिल्डरनं हौसेनं अशी केलेली की खाली जवळजवळ फरशीपर्यंत येते. बाहेरच्या बाजूनं लोखंडी स्टँडवर कूलर आला, बाजूच्या जागा ह्यांनी प्लायवूडनं बंद केल्या, आणि गार वाऱ्यात झोपता यावं म्हणून आतून खिडकीला लागून दिवाण सरकवला. पूर्ण खिडकी झाकली गेली. दुपारी लाइट लावावा लागायचा हॉलमध्ये. मी म्हटलं, बरं झालं, आता मांजरींना बाहेरचं काहीच दिसणार नाही.

आणि त्यानंतर आठवड्याच्या आत कबरीनं भुरीला पहिल्यांदा फाडलं.

दोघी दिवाणाखाली पडलेल्या होत्या. कूलरच्या घरघरीत आम्हाला काही कळलंच नाही. एकदम किंकाळी, आणि दिवाणाखालून दोघींचा गुंता बाहेर आला. भुरीचा कान फाटला होता. केसांचे पुंजके हॉलभर उडत होते. मी हातात होती ती गुंडाळी केलेली पेपरची घडी कबरीच्या पाठीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिला मारलं. ती पळाली नाही, तिथंच बसून माझ्याकडे बघत राहिली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी हमखास; उन्हाळ्यात माझं ऑफिस सकाळचं, त्यामुळे दुपारी मी घरीच असायचे. भुरी पडद्यावर चढून बसायला लागली, भीतीनं तिथंच मुतायला लागली. आणि कबरी? भांडण झालं की तासाभरानं ती भुरीजवळ जायची, पूर्वीसारखी तिचं डोकं चाटायला. भुरी तिच्यावर फिस्कारायची. मग ती थोडं लांब बसायची आणि पुन्हा प्रयत्न करायची. हे मी रोज बघत होते. बघूनही म्हणत होते की ही माजली आहे, हिला नवं घर चढलं आहे.

"राहू दे ना वं," हे म्हणायचे, "घर नवं हाये. रुळतीन हळूहळू."

"तुमचं सगळंच हळूहळू. तोवर भुरी मरेल."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकीतून बाहेरचं एखादं मांजर दिसतं का ह्यांना?"

"कसं दिसेल डॉक्टर? खिडकीत कूलर आहे. उजेडसुद्धा येत नाही आत."

"तरी एकदा नीट पाहून घ्या. कधी कधी बाहेरच्यावरचा राग घरातल्यावर निघतो."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पाहिलं काहीच नाही. कूलर काय आरपार दिसतो? एवढीशी गोष्ट डॉक्टरला कळत नाही, असं ह्यांना वर सांगितलंसुद्धा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मे महिन्यात एका दुपारी भुरीच्या डोळ्याच्या वरच नख लागलं. थोडं खाली असतं तर डोळा गेला असता. माझं डोकं फिरलं. मी मावशींना फोन केला, झाकणाच्या टोपलीत कबरीला घातलं आणि ऑटो बोलावला. हे दारात उभे राहिले. "आजचा दिवस थांब," म्हणाले. मी थांबले नाही. वाटेत कबरी टोपलीतून एकदाच ओरडली, मग गप्प झाली. मला वाटलं, झोपली.

मावशींनी टोपली उघडली. "आली का वं कबरे?" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण ती त्यांच्या पायांजवळून सरळ बाहेर गेली. चार पावलं चालली आणि आमच्या जुन्या दारापुढं जाऊन बसली. तोंड दाराकडं. ते दार आता दुसऱ्या भाडेकरूंचं होतं, बंद होतं. ती शांत बसली, कोणीतरी आता उघडणारच असं समजून.

मला तिथं उभं राहवेना. "येते मावशी," म्हटलं आणि जिना उतरले.

घरात शांतता झाली. भुरी पडद्यावरून खाली उतरली, पोटभर जेवली, आणि मी म्हटलं, पाहा, सांगत नव्हते? हे रात्री जेवताना दुधाच्या दोन वाट्या भरून झाल्या की एक परत पातेल्यात ओतायचे, एवढंच.

अकरा दिवस गेले. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. शनिवारची सुट्टी, मी घरी एकटी, आणि भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला. अशा वेळी नागपूरचा माणूस जे करतो तेच मी केलं. फरशीवर ओलं फडकं फिरवलं आणि तिथंच आडवी झाले, दिवाणाला लागून. भुरी माझ्या दंडाला टेकून पडली. कूलरची घरघर थांबली की घर किती मुकं होतं! त्या शांततेत मला खरखर असा बारीक आवाज आला. मी मान वळवली.

दिवाणाखालून पलीकडे उजेडाची एक पट्टी दिसत होती. कूलरच्या बुडाखाली खिडकीची काच उरली होती, चार बोटं असेल नसेल. उभ्या माणसाला ती दिसणं शक्यच नव्हतं. त्या काचेला नाक लावून एक मांजर बसलं होतं. काकूंच्या दुधावर येणारा एक मोठा काळा बोका, ज्याला मी सगळ्यात जास्त पाणी मारलं होतं. कूलरखाली ओल असते, सावली असते, आणि पाइपचं पाणी तिथवर पोचत नाही. मी भिंतीवरून हाकलला, तो इथं येऊन राहिला. आमच्या मांजरींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. तो पंजानं काच खरवडत होता.

मला काही कळायच्या आत भुरी फुगली. तिनं किंकाळी मारली आणि माझ्या दंडाला चावली. नखं रुतवून, दोनदा. माझी भुरी, जिनं आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नव्हता. ती बोक्याकडे जाऊ शकत नव्हती आणि मी शेजारी होते.

रक्त पुसायचंही मला सुचलं नाही. मी तशीच फरशीवर बसून रडले. कबरी रोज दुपारी इथं पडायची, ह्याच जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि बाहेरचा राग घरातल्यावर काढणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला सांगायची गरज होती का? ऑफिसातून येऊन रोज पर्स कोण आपटत होतं?

संध्याकाळी हे आले, मी सांगितलं, तसे ऑफिसच्या कपड्यांनिशी फरशीवर आडवे झाले आणि बघितलं. "कबरीले हेच दिसून राहिलं असन," म्हणाले. मग उठून कूलरच्या नव्या पंपाचं खोकं फाडलं, पुठ्ठा मापात कापला आणि त्या काचेवर चिकटपट्टीनं लावून टाकला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टोपली घेऊन सक्करदऱ्याला गेले. मावशींनी दंडाकडे पाहिलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं.

"पहिले आठ दिवस त्या दारापुढंच बसून राहे," त्या म्हणाल्या. "जेवण तिथंच ठेवा लागे. नवव्या दिवशी आपल्या मनानं आत आली. आता रात्री माह्या पायापाशी झोपते."

कबरी पलंगावर होती. मला पाहून उठली, शेपूट उभी केली, माझ्या बोटांचा वास घेतला. मी म्हटलं, ओळखलं! मग तिला टोपली दिसली. ती पलंगाखाली अगदी भिंतीला जाऊन चिकटली. मी फरशीवर पालथी पडून तिला हाका मारल्या, वाटीवर चमचा वाजवला, चुकलं म्हटलं, खरंच म्हटलं. अर्धा तास. ती माझ्याकडेच बघत होती, पण हलली नाही.

"ओढून काढू का?" मी विचारलं.

मावशींनी वाकून पलंगाखाली पाहिलं. "तुझीच हाये. नेतेस तं ने," त्या म्हणाल्या. "पण बाई, मग पुन्हा आणून सोडू नको. तिले बी सोसत नाही अन् मले बी."

मला वचन देता आलं असतं. पण माझा राग मला माहीत आहे. मी उठले, कपडे झटकले, रिकामी टोपली उचलली. मावशी दारापर्यंत आल्या.

जिन्याकडे वळताना आमच्या जुन्या दारापुढं थांबले. नव्या भाडेकरूंनी त्याला ताजा निळा रंग दिला होता. मी टोपली खाली ठेवली आणि वाकून पाहिलं. अगदी उंबऱ्याजवळ रंग निघून खालचं लाकूड उघडं पडलं होतं, बारीक बारीक उभे ओरखडे, कितीतरी. आठ दिवस ती तिथं आत घ्या म्हणून खरवडत होती, आणि आत आम्ही नव्हतो.